कोयता लिहिलाच नाही!

मैत्रिणींनो, आपल्याकडे एखाद्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र चोरट्यांनी नेलं, की तिला भेटायला येणारी माणसं काय विचारतात? पहिला प्रश्न, ‘किती तोळ्याचं होतं?’ दुसरा प्रश्न, ‘एवढं घालून जायचं कशाला?’ तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही. ‘तुला लागलं का गं? घाबरलीस का?’ हा तो तिसरा प्रश्न. मीही तो कधी विचारला नव्हता. पण गंमत अशी, की ज्या कायद्याला आपण कोरडा, किचकट म्हणून लांब ठेवतो, तो कायदा मात्र हाच प्रश्न आधी विचारतो. हे मला कळलं ते आमच्याच घरात एक प्रसंग घडला तेव्हा.

२०२४च्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या शालूवन्सं, आणि दाजी एका लग्नाहून मोटारसायकलवर परत येत होते. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. डिसेंबरात सहालाच दिवस मावळतो, त्यामुळे मिट्ट काळोख. रस्ता मोठा, राज्य महामार्ग, पण दोन्ही अंगांना ऊस. ओढ्यावरच्या पुलापाशी दोन मोटारसायकली आडव्या लावलेल्या. दाजींनी गाडी हळू केली आणि चौघे जण पुढे आले. एकाच्या हातात कोयता. त्यानं तो मारला नाही. नुसता दाजींच्या मानेपाशी धरला. दुसऱ्यानं वन्संच्या गळ्याला हात घातला. सर चांगला पक्का होता, पहिल्या हिसक्यात तुटेना. तीन-चार हिसके बसले. मान कापली, रक्त आलं. पाटल्या मात्र वन्संनी स्वतःच काढून दिल्या. ‘हात इतके थरथरत होते वहिनी, की निघेनातच,’ असं त्या नंतर म्हणाल्या. दाजींचं पाकीट आणि दोघांचे मोबाइल गेले. सगळं मिळून तीन-चार मिनिटं!

जवळच्या पोलीस ठाण्यात गेले तर उत्तर मिळालं, ‘ती हद्द आमची नाही.’ तिथून दुसरीकडे. आम्हाला निरोप मिळून मी आणि आमचे हे तिथं पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. ठाणे अंमलदार बोलायला चांगला होता, पण दमलेला. त्यानं दाजींना समोर बसवलं. वजन विचारलं, पावती आहे का विचारलं, मोबाइलची कंपनी विचारली. वन्सं बाकड्यावर, मानेला पदर लावून, भिंतीकडे बघत बसलेल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. फिर्याद टाइप झाली, वाचून दाखवली. ‘अज्ञात इसमांनी फिर्यादीच्या पत्नीच्या गळ्यातील मंगळसूत्र व हातातील पाटल्या चोरून नेल्या.’ दाजींनी पेन उचललं. एकदाची सही करावी आणि घरी जावं, असं आम्हा सगळ्यांनाच झालं होतं.

तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला, ‘साहेब, कोयता लिहिलाच नाही.’

सगळे गप्प. वन्सं उठून टेबलापाशी आल्या. ‘आणि माझी मान? ती पण नाही लिहिली.’

अंमलदार म्हणाला, ‘बाई, त्यानं कोयता मारला नाही ना? नुसता दाखवला.’

खरं सांगते, त्या क्षणी मलाही त्याचं म्हणणं पटलं होतं! मारला नाही तर लिहायचं काय? पण वन्सं हटेनात. शेवटी मी आमच्या गल्लीतल्या वकीलबाईंना फोन लावला. त्या झोपेतून उठून बोलल्या, पण पहिलंच वाक्य असं बोलल्या, ‘सही करू नका. जे घडलं ते जसंच्या तसं, क्रमानं लिहून घ्या. वेळ लिहा, रस्ता लिहा, किती जण होते ते लिहा, कोयता लिहा, मान लिहा.’ थोडी कुरकुर झाली, पण फिर्याद पुन्हा टाइप झाली. रात्री बाराला दवाखान्यात जखमेची नोंद झाली. आणि कागदावरचं कलमच बदललं.

त्यानंतर मात्र मी हा विषय सोडला नाही. वकीलबाईंकडून पुस्तक आणलं, दुपारच्या वेळी वाचत बसले. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण आपल्या लहान गावातल्या बायांना हे कुणी सांगत नाही.

आपण बोलताना चोरी, लूट, दरोडा हे शब्द कसेही वापरतो. पेपरातसुद्धा ‘दोघांचा दरोडा’ असं छापून येतं. कायद्यात तसं नाही. तिथं पायऱ्या आहेत. आपली १८६० सालची जुनी दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. जुन्यात या गुन्ह्यांची कलमं ३९० ते ४०२ अशी होती. नव्यात ती ३०९ ते ३१३ मध्ये आली आहेत. आकडे बदलले, पायऱ्या बहुतेक त्याच राहिल्या. आणि १ जुलै २०२४च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात, हेही लक्षात ठेवा.

पहिली पायरी साधी चोरी. तुमच्या नकळत, तुमच्या संमतीवाचून वस्तू उचलली. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं, किंवा नुसता दंड, किंवा दोन्ही. घरातून चोरी झाली तर सात वर्षांपर्यंत.

दुसरी पायरी जबरी चोरी. चोरी करताना, चोरीसाठी, किंवा माल घेऊन पळताना चोरानं मुद्दाम कुणाला दुखापत केली, अडवून ठेवलं, किंवा आत्ताच्या आत्ता मारीन, इजा करीन अशी भीती घातली, की ती जबरी चोरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. हीच जबरी चोरी महामार्गावर, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झाली, तर चौदा वर्षांपर्यंत. आता कळलं ना वकीलबाई ‘वेळ लिहा, रस्ता लिहा’ का म्हणत होत्या! आणि या गुन्ह्यात दुखापत केली असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. दुखापत म्हणजे हाड मोडायलाच हवं असं नाही. शरीराला वेदना दिली तरी कायदा तिला दुखापतच म्हणतो. वन्संची कापलेली मान ही दुखापत होती आणि ती फिर्यादीतून गळणार होती.

तिसरी पायरी शस्त्राची. जबरी चोरी किंवा दरोडा घालताना ज्यानं प्राणघातक शस्त्र वापरलं, त्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नाही. न्यायाधीशांना दया आली तरी सातच्या खाली उतरता येत नाही. शस्त्रांची यादी मात्र कायद्यात दिलेली नाही. उसाच्या फडात कोयता हे पोटाचं अवजार आहे, रात्री मानेवर धरला की तेच शस्त्र.

पण ‘वापरलं’ म्हणजे काय? अंमलदाराचा सवाल तोच होता, नाही का? तर या सवालाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९७५ सालीच देऊन ठेवलं आहे, फूलकुमार नावाच्या आरोपीच्या खटल्यात. चाकू भोसकला तरच वापरला असं नाही. समोरच्याला दिसेल, त्याची छाती दडपेल अशा रीतीनं तो हातात उघडा धरला, तरी तो वापरच. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी ज्याचा निकाल लागला, तो मुद्दा आमच्या तालुक्याच्या ठाण्यात रात्री अकरा वाजता पुन्हा उभा राहिला होता, आणि तो उभा केला दहावी झालेल्या एका बाईनं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. ही सात वर्षांची अट, ज्यानं शस्त्र वापरलं त्याच्याच डोक्यावर बसते. बरोबरच्या सगळ्यांना ती सरसकट लावता येत नाही. म्हणून कोयता कुणाच्या हातात होता, तोही तपशील महत्त्वाचा.

चौथी पायरी दरोडा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला, की तो दरोडा. त्यात प्रत्यक्ष लुटणारे आणि तिथं हजर राहून मदत करणारे असे सगळे मोजायचे. शिक्षा जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दरोड्यात खून झाला तर त्यातल्या प्रत्येकाला फाशीपर्यंतची शिक्षा होऊ शकते. एवढंच नव्हे, दरोड्याची नुसती तयारी करणं हाही गुन्हा आहे.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट फार जाणवली. चोरी आणि जबरी चोरी यांच्यामधली रेघ सोन्याच्या वजनानं ओढलेली नाही. ती माणसाच्या भीतीनं ओढलेली आहे. कायद्यात समजावून सांगायला दिलेली उदाहरणं बघा. एक माणूस रस्त्यात दुसऱ्याला गाठतो, त्याचं मूल हिसकावून घेतो आणि म्हणतो, पैसे दे, नाहीतर याला कड्यावरून फेकतो. ही जबरी चोरी. दुसऱ्या उदाहरणात निरोप येतो, तुझं मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, दहा हजार पाठव, नाहीतर मारू. ही खंडणी. मुलाला या क्षणी मारतील अशी भीती त्यात नसेल, तर ती जबरी चोरी होत नाही. भीती आत्ताची की नंतरची, एवढ्यावर गुन्ह्याचं नाव बदलतं! इतकं बारीक बघणारा कायदा आहे, आणि आपण ठाण्यात जाऊन काय सांगतो? साडेतीन तोळे, आणि बिल सापडत नाही.

आपण बाया भीती सांगत नाही, हे खरं आहे. ती सांगायची लाज वाटते. ‘मी घाबरले’ म्हटलं की कुणीतरी हसेल असं वाटतं. शिवाय घरचे पुरुष बोलत असतात, मग आपण गप्प. आमच्याकडे फिर्याद दाजींच्या नावानं चालली होती. मान वन्संची, मंगळसूत्र वन्संचं, आणि फिर्यादी दाजी! त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, तेही भेदरलेले होते. पण ज्या बाईवर प्रसंग ओढवला तिचं म्हणणं तिच्या तोंडून यायला नको का?

आता नव्या कायद्यातल्या एका कलमाविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे. कलम ३०४, हिसकावणे. एकाएकी, झटकन किंवा बळजबरीनं वस्तू ओढून नेणं हा आता स्वतंत्र गुन्हा झाला आहे. हरियाणा, पंजाब, गुजरात या राज्यांनी आपापल्या राज्यापुरतं असं कलम आधीच केलं होतं, आता ते देशभर आलं. चांगली गोष्ट आहे. पर्स खेचून पळाला, बाईला धक्काही लागला नाही, अशा गुन्ह्याला एक नेमकं नाव मिळालं. पण शिक्षा? तीन वर्षांपर्यंत आणि दंड. साध्या चोरीला जेवढी कमाल कैद, तेवढीच. फरक एवढाच, की इथं नुसत्या दंडावर सुटका नाही.

मला भीती वाटते ती ही, की हे सोपं कलम उद्या सगळ्याच प्रसंगांवर चिकटवलं जाईल. गळ्यातलं गेलं? लिहा हिसकावणे! मग त्या बाईची मान कापली असो, ती गाडीवरून पडून तिचा हात मोडलेला असो, की समोर चाकू असो. नवं कलम आलं म्हणून जबरी चोरीचं कलम रद्द झालेलं नाही. मुद्दाम केलेली दुखापत आणि भीती जिथं आहे तिथं ते आजही लागू शकतं, फक्त ती गोष्ट फिर्यादीत यायला हवी. जे कागदावर नाही ते न्यायाधीशांना कुठून दिसणार? आणि टोळी करून चोऱ्या, हिसकाहिसकी करणाऱ्यांसाठी कलम ११२ वेगळं आहे. त्यात एक वर्षापेक्षा कमी नाही आणि सात वर्षांपर्यंत, अशी शिक्षा आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना सगळ्यांना जन्मठेपच हवी आहे. तसं नाही. आता दुसरी बाजू सांगते, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

त्या रात्री वन्सं म्हणाल्या होत्या, की पुलाच्या पलीकडे आणखी एक माणूस गाडी चालू ठेवून उभा होता असं वाटलं. पण तो त्यांच्यातलाच होता, की भांडण दिसलं म्हणून थांबलेला वाटसरू, ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरात ही गर्दी! त्यातले एक नातेवाईक, कोर्टाकचेरीत मुरलेले, म्हणाले, ‘शालूताई, पाच म्हणून सांगा. पाच झाले की दरोडा. सरळ जन्मठेपेचं कलम.’ आणखी कुणी म्हणालं, ‘ऊसतोडवाले असणार.’ तिसऱ्यानं गावाबाहेरच्या पालांकडे बोट दाखवलं, ‘दुसरं कोण असणार? ओळख परेडला त्यांच्यातलाच दाखवा एखादा.’

सांगणारे वाईट नव्हते. त्यांना राग आला होता, आम्हालाही आला होता. पण वन्सं म्हणाल्या, ‘मी चार बघितले. पाचवा बघितला असं मी कसं म्हणू? आणि पालातली ती लेकरं माझ्या दारावरून शाळेत जातात.’

त्यांचं हे बोलणं किती मोलाचं होतं ते मला पुढे एक खटला वाचताना कळलं. २००३च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात एका वस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे जीव गेले. भटक्या समाजातल्या सहा जणांवर खटला चालला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्या सहाही जणांना फाशी योग्य ठरवली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं! त्या प्रसंगातून वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांचा तपास झाला नाही आणि ती गोष्ट खटल्यात पुढे आणली गेली नाही. सहा जण सुमारे सोळा वर्षं तुरुंगात राहिले. न्यायालयानं सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. पाच लाखांत गेलेली सोळा वर्षं येतात का? आणि त्या बाईला तरी काय मिळालं? तिच्या घरच्यांना मारणारे कुठे गेले?

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायद्यानं पुसला. पण आपल्या बोलण्यातून तो पुसला गेला आहे का? गावात काही झालं की पालांकडे बोट जातं, ते कुठून येतं? खोटा पाचवा माणूस उभा केला तर खऱ्या चौघांविरुद्धचा खटलाही ढासळतो, हे एक. आणि एखाद्या निरपराध घराचा जन्म वाया जातो, हे दुसरं, त्याहून मोठं. कायदा भीती मोजतो, म्हणून ती पुरती सांगावी. पण जे बघितलं नाही ते त्यात मिसळू नये. कमी सांगणं ही जशी चूक, तसं जास्त सांगणं हेही पाप.

‘शिक्षा आणखी कडक करा, भर चौकात फाशी द्या,’ असं ज्यांना वाटतं त्यांना माझं नम्रपणे सांगणं आहे, कायद्यात शिक्षा कमी नाही. सात वर्षं, दहा वर्षं, चौदा वर्षं, जन्मठेप, सगळं आहे. कमी पडते ती नीट लिहिलेली फिर्याद, वेळेवर झालेली जखमेची नोंद, नेकीनं घेतलेली ओळख परेड, आणि तारखेला न कंटाळता येणारे साक्षीदार. पुलावरचा दिवा लागला आणि रात्रीची गस्त सुरू झाली, तर तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडेल.

आता काही कामाच्या गोष्टी. कात्रण काढून ठेवलंत तरी चालेल.

पोलीस ठाणं ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाही. गुन्हा कुठेही घडला असो, फिर्याद लिहून घ्यावी लागते आणि मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. ती तुम्हाला वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत फुकट द्यायची असते. नोंदवून घेतच नसतील तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडेही जाता येतं. मोबाइल किंवा संगणकावरून कळवलं, तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला बाईला ठाण्यात बोलावून घेण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन तो घ्यायचा. आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं, असंही नव्या कायद्यात आहे.

माल सापडला तर? पूर्वी अनेकींनी सांगितलेलं मी ऐकलं आहे, की मंगळसूत्र सापडलं खरं, पण वर्षानुवर्षं ठाण्याच्या मुद्देमालात पडून राहिलं. लेकीचं लग्न होऊन गेलं तरी हातात आलं नाही. खरं तर सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच, सुंदरभाई देसाई यांच्या खटल्यात सांगितलं, की दागिन्यांसारख्या वस्तू उगाच अडकवून ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, हमी लिहून घ्या आणि मालकाला परत द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर मुदतीच घातल्या आहेत. माल कोर्टापुढे आला की चौदा दिवसांत त्याची यादी आणि फोटो, आणि पुढच्या तीस दिवसांत त्याचं काय करायचं त्याचा हुकूम. अर्ज मात्र आपण करायचा. घरात बसून तो येत नाही.

आणि स्वतःला वाचवायचा हक्क? तो आहे. जबरी चोरी होत असताना, किंवा रात्री घर फोडून कुणी आत शिरत असताना, प्रतिकारात चोराचा जीव गेला तरी कायदा काही मर्यादेत आपल्या बाजूनं उभा राहतो. मर्यादा अशी, की जरूर तेवढाच बळाचा वापर. धोका टळल्यावर सूड म्हणून मारलं तर ते यात बसत नाही. पण मैत्रिणींनो, कोयत्यापुढे पाटल्या काढून देणारी बाई भित्री नसते. जीव राहिला तर पाटल्या पुन्हा होतील.

आमच्या प्रकरणाचं पुढे काय झालं? चार महिन्यांनी दोघे सापडले. एक पाटली एका सराफाकडे मिळाली. चोरीची आहे हे माहीत असून माल घेणं हाही गुन्हाच. अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर घरी आली. मंगळसूत्र काही मिळालं नाही. ओळख परेडला वन्संनी एकाला ओळखलं, ज्यानं गळ्याला हात घातला होता त्याला. दुसऱ्याबद्दल म्हणाल्या, ‘खात्री नाही.’ बाहेर आल्यावर एक जण चिडून म्हणाला, ‘ताई, हो म्हणायचं होतं!’ वन्सं काही बोलल्या नाहीत. खटला चालू आहे. तारखा पडतात, त्या डबा घेऊन जातात.

मानेवरचा वळ आता पुसट झाला आहे. मोटारसायकल हळू झाली की मात्र त्या अजून दाजींचा खांदा घट्ट धरतात. मी विचारलं, तेव्हा सांगितलं. त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही!

म्हणून एवढंच सांगते. तुमच्या गल्लीत, नात्यात, शेजारी असा प्रसंग घडला, तर त्या बाईजवळ जाऊन बसा. तोळे नंतर विचारा. ‘कशाला घालून गेलीस’ हे तर विचारूच नका. आधी विचारा, ‘काय काय झालं गं, सांग बरं सगळं.’ ती सांगेल तसं एका कागदावर लिहून घ्या, वेळेसकट. आणि ठाण्यात जाताना तिला बाकड्यावर बसवू नका, टेबलासमोरच्या खुर्चीत बसवा.